अर्धा क

ये पोट्टे, जवळ येऊन बस. कागदावर का होईना, पण बस. तू तेलीबांध्याला आणि मी पुरानी बस्तीत, एकाच रायपुरात, मधे काही समुद्र नाही. सदर बाजारात गाड्या अडकतात हे मलाही ठाऊक आहे, त्याच रस्त्याने मी इतकी वर्षं ऑफिसला पायी गेले. तीन महिने झाले तुझं तोंड पाहून. फोनमध्ये दिसतं ते तोंड नव्हे, अर्धं कपाळ आणि वरचा पंखा.

आणि परवा मेसेज केलास, तोही हिंदीत. ऑफिसात टीम लीड बनवलं म्हणे. फार बरं वाटलं, देवापुढे साखर ठेवली. पण पुढे काय लिहिलंस? ट्रेनिंगवाल्यांनी प्रत्येकाकडून एक पान मागितलंय, की नेता म्हणून नीतीने वागायची तुमची स्वतःची पद्धत काय. "आजी, आप भी तो बडे बाबू थीं ना, दो लाइन में कुछ बता दो."

दोन ओळींत. बाई, दोन ओळींत माझा चहा होत नाही.

तरी मी दोन ओळी लिहायला बसले होते. खरं बोल, कुणाचं मन दुखवू नको, असं काहीतरी. ते तर दुकानाच्या पाटीवरही असतं. मग तुझा मेसेज पुन्हा वाचला आणि खालचं वाक्य दिसलं. तुझ्या टीममधल्या एका मुलीबद्दल तुला वर रिपोर्ट द्यायचा आहे, आणि "वो हर बात में ऑब्जेक्शन करती है" एवढंच तुला सुचून राहिलं आहे. ते वाचलं आणि मी पेन खाली ठेवलं. मला माझा अर्धा क आठवला. आता दोन ओळी विसर, सगळं ऐक. लिहिताना मी मला-तुला करते, बोलताना माझ्या तोंडात मले-तुले येतं, तेव्हा मधे मधे घसरले तर हसू नको.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. त्याआधी आमचं ऑफिस म्हणजे दोन मजली पिवळी इमारत, पुढे कडुनिंब, आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. राजधानी झाली आणि भोपाळहून साहेब लोक आले, फायलींचे गठ्ठे आले, ज्या खोलीत चार टेबलं होती तिथे नऊ झाली. त्याच गडबडीत आमचे जुने बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, रिटायर झाले आणि त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. प्रभारी म्हणून, म्हणजे काम पूर्ण पण हुद्दा कच्चा. बाई बडे बाबू झाली तरी नाव बडे बाबूच राहिलं. लोक मला "बडे बाबू मॅडम" म्हणू लागले. तुझे आजोबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, ते घरी म्हणायचे, "बडे बाबू, आज भाजीत मीठ टाकायची नोटशीट पुटअप झाली नाही काय?"

मला त्या खुर्चीचा अभिमान होता, खोटं काहून बोलू. मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातली, मराठी शाळेतली मॅट्रिक. लग्न होऊन इथे आले तेव्हा हिंदी म्हणजे भाजीवाल्याशी बोलण्यापुरती. कारकुनाची जागा मिळाली तेव्हा पहिले सहा महिने मी तोंड उघडलं नाही. जुन्या फायली उघडायची आणि त्यांतल्या टिपा घरच्या वहीत उतरवून घ्यायची. "अवलोकनार्थ प्रस्तुत", "उचित कार्रवाई हेतु", "सादर अनुमोदनार्थ". तुझी आई पाळण्यात रडायची आणि मी एका हाताने दोरी ओढत दुसऱ्याने "तत्संबंध में" गिरवायची. अशी कमावलेली हिंदी होती ती. त्यामुळे कुणी "मराठी बाई की हिंदी" म्हटलं की मला झोंबायचं.

ऑफिसात एक पाणीवाली बाई होती. रोजंदारीवर. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन माठ घासायची, भरायची, दिवसभर टेबलाटेबलावर ग्लास ठेवायची. माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी लहान असेल. माझ्याच घराच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहायची, पण ऑफिसात आम्ही तसं दाखवत नव्हतो. रोजंदारीवाल्याचं कसं, ठेवायला कागद लागत नाही आणि काढायलाही लागत नाही. साहेबाने नुसतं म्हटलं की उद्यापासून नको, झालं. नवरा आजारी, घर तिच्या त्या कामावर. हे मला माहीत होतं.

मी खुर्चीवर बसून महिना उलटला असेल. ती ग्लास ठेवायला आली आणि गेलीच नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"का होगे?" काय झालं, मी विचारलं. तिच्याशी मी जमेल तशी छत्तीसगढी बोलायची.

तिने हळूच सांगितलं. खालच्या मजल्यावरचं बायकांचं बाथरूम स्टोअर सांभाळणाऱ्या भंडारबाबूने कुलूप लावून बंद केलं होतं. आत भोपाळहून आलेली जुनी रजिस्टरं रचून ठेवली होती. महिना झाला. ती आणि झाडूवाली, दोघी रस्ता ओलांडून मंदिराच्या मागे जात होत्या. चाबी मागितली तर भंडारबाबू म्हणाला, साहेबांचं रेकॉर्ड आहे, तुझ्यासाठी काय रस्त्यावर टाकू?

मला माहीतच नव्हतं. काहून नव्हतं, तर मला बडे बाबू झाल्यावर वरच्या मजल्यावरच्या अधिकाऱ्यांकडच्या बाथरूमची एक चाबी मिळाली होती. मी खालच्या त्या दाराकडे महिनाभर पाहिलंच नव्हतं. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

मला वाटलं, आता दाखवते कसं काम होतं ते. जुने बडे बाबू अशा गोष्टी तोंडी मिटवायचे, भंडारबाबूला चहा पाजून. मी ठरवलं, नाही, कागदावर. स्वतः मसुदा लिहिला. माझी स्वतःची पहिली नोटशीट, साहेबापुढे ठेवायची टीप, अजून पाठ आहे: "पानी पिलाने वाली बाई ने महिला प्रसाधन के ताले को लेकर तक्रार की है. उचित कार्रवाई हेतु प्रस्तुत." दोनदा वाचली. छान वाटली. टाइपबाबूकडे दिली, त्याने टाइप करून आणली, मी खाली सही ठोकली आणि फाईल वर गेली.

आता तुला हसू येईल, की तुझ्या हिंदी कानाला कळलं नसेल? आपण घरी तक्रार म्हणतो ते काय? गाऱ्हाणं. आणि हिंदीत तकरार म्हणजे भांडण. मी कागदावर लिहिलं होतं की ती बाई कुलपावरून भांडली. आणि वर लिहिलं होतं, तिच्यावर योग्य ती कारवाई करा.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाईल परत आली. नव्या साहेबाचं बारीक, सरळ अक्षर: "कार्यालय में ऐसा आचरण अनुचित. कल से काम पर न रखें."

मी ते वाचलं आणि मला साहेबाचा इतका राग आला. अजूनही मला काही कळलं नव्हतं बरं का. मी समजले की भंडारबाबूने वर जाऊन कान भरले. तावातावाने टाइपबाबूच्या टेबलाशी गेले. हा टाइपबाबू माझ्याहून मोठा, रिटायरमेंटला दोन-तीन वर्षं उरलेली, जाड चष्मा, तोंडात कायम लवंग. इथलाच, शहरातला. मशीनवर बोटं चालायची तेव्हा वाटायचं पत्र्यावर पाऊस पडतोय.

"भैया, देखो तो," मी म्हटलं, "बेचारी ने तकरार की, और उसी को निकाल दिया."

तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "तो मॅडम, तकरार करेगी तो निकालेंगेही ना."

"क्यों? तकरार करना गुनाह है क्या?"

"ऑफिस में तो हैही. घर में करे, कौन रोकता है. हमारे घर में रोज होती है."

"आपके घर में रोज? किसके पास?"

"किसके पास मतलब? मेरी घरवाली के साथ."

"उनके पास तकरार करते हो आप?"

"मैं नहीं करता, वो करती है. मैं तो सुनता हूं."

तेव्हा कुठे मी थांबले. खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "भैया, तकरार का मतलब क्या?"

त्याने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि माझ्याकडे पाहिलं. "झगडा. क्यों?"

मी त्याला सांगितलं की मराठीत काय. ड्रॉवर उघडून त्याने माझा हाताने लिहिलेला मसुदा काढला, नोटशीटशेजारी ठेवला. माझ्या मसुद्यात होतं "तक्रार", अर्धा क. टाइप केलेल्यात होतं "तकरार", पूर्ण क.

"मैंने सोचा आपसे आधा क लग गया," तो म्हणाला. "तो पूरा कर दिया. मैंने तो आपकी हिंदी सुधारी, मॅडम."

बघ आता. त्या बाईची रोजी एका क वर अडकली होती.

मग तोच म्हणाला, अगदी साधेपणाने, जसं कुणी म्हणतं की चला, मी पिशवी उचलतो. "साहब को बोल देते हैं टाइप की गलती है. मेरा क्या, पक्की नौकरी है, जाने के दिन आ गए. एक डांट पडेगी. आप नई नई बैठी हैं, ऊपर से प्रभारी. आपका नाम खराब नहीं होना चाहिए."

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "हव."

इतक्या चटकन म्हटलं की मलाच नवल वाटलं. मनात हिशेब मांडून झाला होता. शेवटी अक्षर त्यानेच बदललं होतं ना? मसुद्यात तर अर्धा क होता. मी खोटं कुठे बोलत होते? अर्धं तर खरंच होतं. पोट्टे, जे अर्धं खरं असतं ना, त्याच्या आडोशाला माणूस फार आरामात उभा राहतो.

आम्ही दोघं साहेबाच्या खोलीत गेलो. साहेब वाईट माणूस नव्हता. पन्नाशीचा, कोरडा, कागदावर जे लिहिलंय त्यावर चालणारा. टेबलावर त्याचा चहा होता. टाइपबाबूने सुरुवात केली, "सर, उस नोटशीट में मुझसे टाइप की भूल हो गई. शिकायत की जगह तकरार छप गया."

साहेबाने नोटशीट मागितली, वाचली. "कितने साल की नौकरी है आपकी?"

"सर, बत्तीस."

"बत्तीस साल में शिकायत और तकरार का फर्क समझ में नहीं आया? एक गरीब की रोजी चली जाती. कभी सोचा है? चश्मा बदलवाइए. नहीं दिखता तो काम छोडिए."

टाइपबाबूने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. काही दिसत नव्हतं म्हणून नाही. हातांना काहीतरी करायला पाहिजे होतं म्हणून. बिनचष्म्याचं त्याचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. डोळ्यांखाली दोन्हीकडे चष्म्याचे खड्डे पडले होते.

आणि मी साहेबाच्या चहाकडे पाहून राहिली होती. त्याच्यावर साय धरत होती. कडेकडून आधी, मग मधे. साहेब बोलत होता, टाइपबाबू पुसत होता, आणि मी सायीकडे पाहत होते. पूर्ण साय धरेपर्यंत मी गप्प होते. तू पद्धत विचारतेस ना माझी? माझी पद्धत त्या गप्प बसण्यातून निघाली, पुढे जे बोलले त्यातून नाही. बोलले ते तर कुणीही बोललं असतं कधी ना कधी. पण तेवढा वेळ मी एका म्हाताऱ्या माणसाला माझी बोलणी खाऊ दिली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आजोबांनाही नाही. त्यांना नुसता शेवट सांगितला.

मग मी म्हटलं, "सर, शब्द मेरा है."

"मतलब?"

"मसौदा मैंने लिखा था. हमारी मराठी में शिकायत को तक्रार बोलते हैं. इन्होंने तो मेरी वर्तनी सुधारी."

साहेबाने टाइपबाबूकडे पाहिलं. "तो ये अभी क्या बोल रहे थे?"

टाइपबाबूचं पुसणं थांबलं. मी म्हटलं, "मुझे बचा रहे थे, सर. और मैं बचने दे रही थी."

साहेबाने नोटशीट पुन्हा वाचली. मग म्हणाला, "आप बडे बाबू हैं. आधा दफ्तर आपके लिखे पर चलता है. लिखना नहीं आता तो पूछ लेतीं."

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. वहीत गिरवलेलं सगळं "तत्संबंध में" डोळ्यांपुढून गेलं. पण त्याचं चूक काय होतं? मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मराठी बाईला येत नाही असं झालं असतं ना.

"लिखकर दीजिए," साहेब म्हणाला.

मी तिथेच, त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, त्याच नोटशीटवर लिहिलं: "उपर्युक्त टीप में तकरार के स्थान पर शिकायत पढा जाए. त्रुटि मेरी है, टंकक की नहीं." साहेबाने स्वतःचा शेरा खोडला, बाजूला सही केली. ती नोटशीट अजूनही कुठल्या तरी गठ्ठ्यात असेल. माझं प्रभारीचं पक्कं व्हायला त्यानंतर दोन वर्षं लागली. त्या कागदामुळे की आणखी कशामुळे, मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

बाहेर आलो तेव्हा टाइपबाबू फुगला होता. "मॅडम, आपने मेरी पूरी डांट बेकार कर दी. इतनी मेहनत से खाई थी." मग लवंगेची डबी पुढे केली. मी एक घेतली.

पण काम अजून झालं नव्हतं. खाली आलो तर माठ पालथे घातलेले. भंडारबाबूने सकाळीच साहेबाचा शेरा वाचून तिला सांगून टाकलं होतं. ती माठ घासून, पालथे घालून, निघून गेली होती. कुणी मला म्हणालं, शिपायाला पाठवून बोलावून घ्या. मी म्हटलं, नको, ती माझ्या वाटेवरच राहते.

घरी तुझे आजोबा म्हणाले, "जाय, तूच जाय. पण तिथं गेल्यावर तक्रार शब्द तोंडून काढू नको म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी मी मागच्या पाऱ्यात गेले. ती ओसरीवर शेण सारवून राहिली होती. मला पाहून हात थांबवला, पण उठली नाही. तेही बरोबरच होतं.

"मैं तो तुमन ला बताय बर आय रेहेंव, दीदी," ती म्हणाली. मी तर तुम्हाला सांगायला आले होते. "झगरा कब करेंव?" भांडले कधी?

मी तिथेच उकिडवी बसले आणि तिला सगळं सांगितलं. मराठीतला शब्द, हिंदीतला शब्द, अर्धा क. साहेबाची खोली पण सांगितली, सायीपर्यंत नाही. तिने ऐकून घेतलं. तिला त्या क चं काही वाटलं नाही. मी म्हटलं, साहेबाने हुकूम मागे घेतला, आजपासून ये.

"हव, आहूं," येते, म्हणाली. मग हात पुन्हा सारवणात घातला आणि खाली पाहत विचारलं, "फेर ताला?"

मग कुलपाचं काय.

अख्ख्या दिवसात, साहेब, टाइपबाबू, मी, आम्ही तिघांनी त्या शब्दाचाच कीस काढला होता. कोणाची चूक, कोणाची सही, कोणी खरं बोललं. कुलूप कुणाच्याच लक्षात नव्हतं. मी फार मोठं काम केल्यासारखी तिथे गेले होते, आणि जिच्यासाठी गेले तिचं गाऱ्हाणं होतं तिथेच होतं.

त्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. पहिली, वरच्या बाथरूमची माझी चाबी साहेबाच्या शिपायाच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "क्यों मॅडम, खराब हो गई?" मी म्हटलं, "नहीं, अब मैं नीचे जाऊंगी." भंडारबाबूला कळलं की आता बडे बाबू स्वतः मंदिराच्या मागे जाणार, तेव्हा त्याच्याकडे रजिस्टरं ठेवायला दुपारपर्यंत जागा निघाली. चार फेऱ्या मीही मारल्या, कडेवर गठ्ठे घेऊन, साडीला झुरळं चिकटली. टाइपबाबू दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, ये वाली नोटशीट बढिया चल रही है, बिना टाइप के."

दुसरी गोष्ट. पुन्हा कधी तसं होऊ नये म्हणून मी नवी टीप लिहिली, शिकायत शब्द घालून, आणि फाईल वर पाठवण्याआधी पाणीवालीला बसवून वाचून दाखवली. ती आधी बसेचना. बडे बाबूच्या समोर खुर्चीवर कशी बसायची? स्टुलावर बसली. मी एकेक ओळ वाचली आणि विचारलं, "यही कहा था ना?"

ती म्हणाली, "हव, अइसनेच. ये घलो लिख देव, चाबी मोर करा रइही."

हे पण लिहा, चाबी माझ्याकडे राहील.

मला हे सुचलं नसतं. मी चाबी भंडारबाबूकडेच ठेवणार होते, नियमाप्रमाणे. तिने सांगितलं आणि मला कळलं की नाहीतर महिनाभराने पुन्हा तेच झालं असतं. मी लिहिलं. साहेबाने मंजूर केलं. ती चाबी मग तिच्या कमरेच्या गाठीला राहिली, मी रिटायर झाले तोवर. पुढे वरच्या मजल्यावर नोकरीला आलेल्या बाया सुद्धा तिच्याकडे येऊन चाबी मागायच्या, आणि ती आधी ग्लास खाली ठेवायची, मग सावकाश गाठ सोडायची. तिचा थाट पाहण्यासारखा होता.

तर तेव्हापासून ही सवय लागली. कुणाबद्दलही काही वर लिहून पाठवायचं असलं, सुट्टी असो, गाऱ्हाणं असो, ठपका असो, की मी त्या माणसाला समोर बसवून वाचून दाखवायची. "यही कहा था?" किंवा "यही हुआ था?" ऑफिसात खूप चेष्टा झाली. कुणी माझ्यासमोर बसलेलं दिसलं की लोक म्हणायचे, "चलो, मॅडम के यहां सत्यनारायण की कथा बैठी है, प्रसाद मिलेगा." फायली उशिरा वर जायच्या, त्यासाठी मी बोलणीही खाल्ली. आणि ठपक्याचा कागद वाचून दाखवणं सोपं नसतं, सांगून ठेवते. एक बाबू माझ्या तोंडावर ओरडून गेला होता. पण असं किती वेळा झालं की मी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला माझा मलाच आवाज लागेना. समोर माणूस बसला असताना जे वाचवत नाही, ते लिहिलेलं बरोबर नसतं. मग मी तिथेच खोडायची. असंही नाही की दर वेळी मला जमलं. दोनदा तरी मी घाईत न वाचता पाठवलं, आणि त्यातल्या एकाने माझ्याशी पुन्हा धड बोलणं ठेवलं नाही. ते मनात आहे.

टाइपबाबू रिटायर झाला तेव्हा निरोपाच्या दिवशी मला एक घडी घातलेला कागद देऊन गेला. माझा तो मसुदा. त्याने इतके दिवस सांभाळून ठेवला होता. अर्धा क भोवती पेन्सिलीने गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, "सही था." आता तो नाही. पाणीवाली आहे, मागच्या पाऱ्यात, नातवंडांत. कधी भाजीला दिसते. अजून "दीदी" म्हणते आणि माझ्या पिशवीतली एक जुडी काढून स्वतःच्या पिशवीत घालते, न विचारता. मी भाजीवाल्याकडून दुसरी घेते.

तर माझ्याकडे पद्धत म्हणण्यासारखं एवढंच आहे. तुझ्या ट्रेनिंगवाल्यांच्या पानात बसेल की नाही, कोण जाणे.

पण तुझी ती मुलगी. "हर बात में ऑब्जेक्शन करती है." मी तिला ओळखत नाही, असेलही भांडखोर. पण हा शब्द तिचा की तुझा? ती तुझ्यापाशी काय घेऊन आली होती, तिच्या तोंडचं? तुझं ऑफिस तर सगळं इंग्रजीत लिहितं, तिथे किती अर्धे क पूर्ण होत असतील. रिपोर्ट पाठवायच्या आधी तिला समोर बसव आणि वाचून दाखव. तुझा आवाज कुठे अडखळतो ते ऐक. आणि ती म्हणाली की हेही लिहा, तर लिही. तिच्या त्या ऑब्जेक्शनमध्ये एखादं कुलूप आहे का, ते पाहायला विसरू नको. मी विसरले होते.

रिपोर्ट महिनाअखेर द्यायचा, म्हणजे पुढच्या आठवड्यात, म्हणालीस ना? मग या रविवारी ये. तो कागद घेऊन ये, पहिल्यांदा मला वाचून दाखव, हिंदीत वाच, इंग्रजीत वाच, मी समजून घेईन, नाही समजलं तर आता विचारीन, लाजणार नाही. सकाळीच ये, म्हणजे सदर बाजारात दुकानं उघडलेली नसतात, गाड्याही नसतात. तांदळाचा चीला करते, टमाटरची चटणी वाटून ठेवते, तुला आवडते तशी तिखट. तो मसुदा पेटीतून काढून ठेवलाय, तो पण पाहा. ये गं, लवकर ये.